कथेचा सराव आणि गीबतीची भीती



दहावीच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनात कथालेखनाचा प्रश्न असतो. कधी मुद्दे दिलेले असतात, कधी कथेची सुरुवात दिलेली असते. मुलांनी गोष्ट पूर्ण करायची आणि शीर्षक द्यायचे. सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना हा प्रश्न आम्ही नेहमी शेवटी ठेवत असू. खरे सांगायचे तर त्याचा आम्हाला कंटाळा येई. एका गावात एक गरीब शेतकरी राहत होता, त्याचे नाव रामू होते, तो खूप प्रामाणिक होता, आणि शेवटी तात्पर्य. पहिली उत्तरपत्रिका वाचली की बाकीच्या सगळ्या वाचल्यासारख्याच.

गेल्या वर्षी मात्र एक गोष्ट ध्यानात आली आणि आम्ही पेन खाली ठेवला. समोरच्या गठ्ठ्यातल्या निम्म्या उत्तरपत्रिका शेख, सय्यद, पठाण, तांबोळी, बागवान अशा आडनावांच्या मुलामुलींच्या होत्या. त्यांच्या एकाही गोष्टीत अम्मी नव्हती, अब्बू नव्हते, नानी नव्हती. ईद नव्हती, रोजा नव्हता, मोहल्ल्यातला नळ नव्हता. आमच्या मुलांना वाटते की मराठीत गोष्ट लिहायची म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरातली लिहायची. आपले घर गोष्टीत बसत नाही, असे त्यांना कुणी शिकवलेले नाही. पण बसते, असेही कुणी सांगितलेले नाही. आम्हीही नाही.

त्यातून आष्टीत आमच्या ओसरीवर दर रविवारी अस्रच्या नमाजआधी दीड तासाची बैठक सुरू झाली. शाळेतली सात मुले-मुली, शेजारच्या एक खाला आणि बारावीनंतर शिक्षण सुटलेली एक सून. फी नाही, पुस्तक नाही. एक वही आणि एक पेन्सिल. या बैठकीत काय शिकलो, आणि आमच्या हातून मोठी चूक कशी झाली, ते या महिन्यात सांगायचे आहे.

गोष्ट शिकता येते का?

पहिल्याच रविवारी खालांनी विचारले की लिहिणे ही तर अल्लाहची देणगी असते, ती शिकवून कशी येणार? प्रश्न रास्त आहे. गळा देणगी असतो. पण गाणाऱ्याला रियाज चुकत नाही. आवाज गोड असला तरी किरात शिकायला कारीसाहेबांपुढे बसावेच लागते.

उर्दू शायरीत ही समज फार जुनी आहे. नवा शायर उस्तादाकडे गझल घेऊन जायचा, उस्ताद त्यात इस्लाह करून द्यायचे. शब्द बदलायचे, वजन सांभाळायचे. गालिब आणि दाग यांचे शागिर्द अशा रीतीने तयार झाले. कथेला मात्र असा उस्ताद उशिरा मिळाला. 1939 च्या एप्रिलमध्ये लाहोरात काही तरुण मित्र आपापल्या कथा एकमेकांना वाचून दाखवायला जमले. त्यांनी मंडळाचे नाव ठेवले बज़्म-ए-दास्तानगोयाँ, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्यांची मैफल. तेच मंडळ पुढे हल्का-ए-अरबाब-ए-ज़ौक या नावाने उर्दू साहित्यात गाजले. कुणीतरी रचना वाचायची आणि बाकीच्यांनी तिच्यातले चांगले-वाईट तोंडावर सांगायचे, अशी त्याच्या बैठकांची रीत. सुरुवात एवढी साधी होती. साधारण त्याच सुमारास, 1936 मध्ये, अमेरिकेत आयोवा विद्यापीठात लेखनाची कार्यशाळा सुरू झाली. ती आजही चालू आहे आणि जगभर तिचे अनुकरण झाले आहे.

मराठीतही हे नवे नाही. ना. सी. फडके यांनी 1931 मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीच्या तंत्राची चर्चा मराठीत मांडली. पुढे व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव फिरून कथाकथन करीत. श्रोते कुठे हसतात, कुठे गप्प होतात, हे लेखकाला समोरच दिसे. याहून चांगली परीक्षा कोणती? आज महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देते आणि नवलेखकांच्या कार्यशाळांनाही हातभार लावते. आमच्या घरांतल्या लिहिणाऱ्या मुलामुलींनी या योजनेची माहिती जरूर घ्यावी.

आणि प्रेमचंद? तेही आधी शाळामास्तरच होते. नवाबराय या नावाने उर्दूत लिहीत. 1908 मधला त्यांचा कथासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला, म्हणून त्यांना नाव बदलावे लागले. त्यांची ‘ईदगाह’ आमच्या मुलांना माहीत आहे. त्यातला हामिद जत्रेत मिठाई आणि खेळणी सोडून दादीसाठी चिमटा घेतो. आम्ही मुलांना विचारले, “हामिदचे दादीवर प्रेम आहे, हे तुम्हाला कुठून कळले?” एक मुलगा म्हणाला, “चिमट्यावरून.” आम्ही म्हणालो, “झाला आपला पहिला धडा.”

ओसरीवरचे सराव

बैठकीत आम्ही करून पाहिलेले सराव असे. ज्यांचा उपयोग झाला तेवढेच सांगतो.

पहिला सराव कानांचा. 2022 च्या सप्टेंबरात नगर–आष्टी रेल्वे सुरू झाली. तेव्हा निम्मे गाव गाडी बघायला गेले होते. आम्ही मुलांना सांगितले की स्टेशनावर, एस. टी. स्टँडवर नाहीतर आठवडी बाजारात दहा मिनिटे उभे राहा आणि फक्त कानावर पडलेले बोलणे लिहा. स्वतःचे एक वाक्यही घालायचे नाही. एका मुलाने भाजीवालीचे आणि गिऱ्हाइकाचे बोलणे आणले. मेथीच्या जुडीवरून सुरू झालेले बोलणे सातव्या वाक्याला भाजीवालीच्या लेकीच्या बाळंतपणावर पोहोचले होते. गोष्ट तयारच होती, मुलाने ती फक्त ऐकली होती.

दुसरा सराव वस्तूचा. घरातली एक वस्तू घ्या आणि ती कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली तेवढेच लिहा. कुणी पानदान घेतले, कुणी वुजूचा बधना घेतला. एका मुलाने कोयता घेतला. त्याचे घर दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाते, हे आम्हाला माहीत होते. पण त्याने कधी सांगितले नव्हते. आजोबांचा कोयता बापाकडे आला, बापाचा हात कापला म्हणून मोठ्या भावाकडे आला, आणि मोठ्या भावाने तो दाराच्या मागे ठेवून सांगितले की याला हात लावायचा नाही, वही घे. अवघ्या बारा ओळी, आणि त्यात ‘गरिबी’ हा शब्द एकदाही नव्हता.

तिसरा सराव काटछाटीचा. आधी लिहायचे आणि मग ‘खूप’, ‘अतिशय’, ‘दुःख झाले’, ‘आनंद झाला’, ‘डोळ्यांत पाणी आले’ हे सगळे खोडायचे. जिथे जिथे खोडले तिथे माणसाने हातांनी काय केले ते लिहायचे. सुरुवातीला मुले रुसतात. कारण गाइडातल्या गोष्टी याच शब्दांवर उभ्या असतात. पण दोन-तीन रविवारांनंतर आपल्याच जुन्या वहीतले ‘अतिशय’ बघून ती हसायला लागतात.

चौथा सराव घरच्या बोलीचा. आमच्या घरांत दखनी बोलतात. शाळेत मराठी, मदरशात उर्दू. तीन भाषांच्या मुलाला वाटते की आपल्याला एकही धड येत नाही. आम्ही त्याला उलटे सांगतो की तुझ्याकडे तीन विहिरी आहेत. आधी गोष्टीतले बोलणे घरच्या बोलीत जसेच्या तसे लिहायचे, मग निवेदन मराठीत आणायचे. अम्मी ‘नक्को रे’ म्हणत असेल तर गोष्टीतही तिने ‘नक्को रे’च म्हणावे. ‘नको, बाळा’ म्हणायला लावले की ती कुणा दुसऱ्याची आई होते.

पाचवा सराव दुसऱ्याच्या तोंडाचा. घरात घडलेली एक लहान घटना आधी आपल्या बाजूने लिहायची, मग त्यात जो आपल्याला चुकलेला वाटतो त्याच्या बाजूने. हा सराव आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. भावाशी झालेले भांडण भावाच्या तोंडून लिहिलेल्या मुलीने वही मिटून म्हटले, “सर, उसका भी बराबर था.” कथा लिहिण्याचा एवढा जरी फायदा झाला तरी घरात किती शांतता येईल!

बैठकीचा एक नियमही ठरला. वाचन चालू असताना आणि त्यानंतर दहा मिनिटे लेखकाने बोलायचे नाही. ‘मला असे म्हणायचे होते’ हे सांगायला वाचकाच्या घरी लेखक जात नसतो. ऐकणाऱ्यांनी आधी सांगायचे की कुठले चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि मग कुठे रस्ता चुकला. ‘छान आहे’ आणि ‘बेकार आहे’ हे दोन शब्द ओसरीवर बंद.

आमची चूक

आता जे सांगायचे ते सांगताना संकोच वाटतो. पण ते टाळले तर बाकीचे सांगण्याला अर्थ नाही.

नववीतली एक मुलगी बैठकीला येत असे. बोलायची कमी. पाचव्या सरावानंतर तिने एक गोष्ट आणली. रमजानची सहरी, मोठे घर, सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांना वाढणारी एक बाई. तिचा नवरा मुंबईला गेलेला, चार ईदी आल्या नाहीत. दर चांदरातीला ती फोन चार्जिंगला लावते आणि शिलाई मशीनवर दुसऱ्यांच्या लेकरांचे कपडे पुरे करते. मशीनचे चाक एका जागी तुटलेले, म्हणून दर फेऱ्याला टक् असा आवाज येतो. त्या आवाजावर गोष्ट संपते. फोन वाजत नाही, मशीन वाजत राहते.

वाचून झाल्यावर ओसरीवर कुणी बोलेना. खाला पदराने डोळे पुसत होत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्याने लिहिलेले इतके चांगले आम्ही वाचले नव्हते. आम्हाला फार अभिमान वाटला, आणि तो अभिमानच नडला. पुढच्या आठवड्यात मोहल्ल्यातला एक लहान कार्यक्रम होता. चाळीस-पन्नास माणसे, पडद्यापलीकडे बायका. तिथे आम्ही ती गोष्ट मुलीच्या नावासकट वाचून दाखवली. मुलीला विचारले नाही. तिला आनंदच होईल, असे गृहीत धरले.

मशीनच्या तुटलेल्या चाकापाशी आलो तेव्हा पडद्यापलीकडे कुजबुज सुरू झाली. आम्हाला वाटले, दाद मिळते आहे.

ती बाई खरी होती. त्याच गल्लीतली होती. घरही तेच, मशीनही तेच, चाकही तेच. मुलीने काहीच बदलले नव्हते, कारण बदलायचे असते हे आम्ही शिकवलेच नव्हते. जे दिसते ते लिहा, एवढेच आम्ही महिनोन्महिने सांगत आलो होतो.

त्या रात्री मुलीच्या अब्बूंनी वही काढून घेतली. सकाळी ते आमच्याकडे आले. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, “सर, हमारे घर की लडकी ने दुसरे के घर का पडदा उठाया. अब मैं उस घर के सामने से कैसे जाऊं?” त्यांच्यापुढे आम्हाला उत्तर नव्हते.

दुपारी ती बाई स्वतः आली. सोबत धाकटा भाऊ होता, तो दारातच थांबला. आम्ही माफी मागायला तोंड उघडले, तर तिने हाताने थांबवले. म्हणाली, “झूट कुछ नै लिखी बच्ची. सब सच्चीच है. पन वो मेरा था, सर.”

आम्ही आजवर कथेवर जेवढे वाचले आहे, त्यात या वाक्याइतके नेमके काही वाचल्याचे आठवत नाही.

खरे असले तरी

गीबत म्हणजे काय, हे आमच्या घरांतल्या लहान मुलांनाही शिकवलेले असते. कुरआनात तिची तुलना मेलेल्या भावाचे मांस खाण्याशी केली आहे. हदीसमध्ये येते की आपल्या भावाबद्दल त्याच्या माघारी त्याला आवडणार नाही असे बोलणे म्हणजे गीबत. सहाबांनी विचारले की ते खरे असेल तर? उत्तर मिळाले की खरे असेल तरच ती गीबत. खोटे असेल तर तो बोहतान, म्हणजे त्याहून मोठा आरोप. मदरशात हा धडा आम्हीही घोकला होता. तो कथेला लागू होतो, हे मात्र पन्नाशी जवळ येताना एका शिलाई करणाऱ्या बाईने शिकवले.

मग कथा लिहिणेच सोडावे का? मोहल्ल्यात काहींनी तेच सुचवले. कहाणी म्हणजे एक तर खोटे, नाहीतर गीबत. मुलींना हे कशाला? आम्ही आमच्या इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि उलट आम्हालाच विचारले की सूरह यूसुफला कुरआनातच काय म्हटले आहे? अहसनुल कसस, सर्वांत सुंदर कहाणी. भावांचा मत्सर, बापाचे रडणे, तुरुंग, आणि शेवटी माफी, हे सारे गोष्टीच्या रूपानेच आपल्यापर्यंत आले. ते म्हणाले, “मसला कहानी का नहीं, पडदे का है.” ज्याने दुसऱ्याचा ऐब झाकला, त्याचा ऐब अल्लाह झाकेल, ही शिकवण लिहिणाऱ्यालाही आहे, असे त्यांनी समजावले.

आपल्या परंपरेत उपदेशासाठी रचलेल्या गोष्टींना कधी तोटा नव्हता. आपल्याकडच्या पंचतंत्राच्या गोष्टी पहलवीतून अरबीत गेल्या. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांनी त्यांचे ‘कलीला व दिमना’ केले, आणि सिंह-बैल-कोल्हे बोलत असूनही त्यांना कुणी खोटारडे म्हटले नाही. शेख सादींचे ‘गुलिस्तान’ 1258 चे. ते हिकायतींनीच भरलेले आहे. आणि मुलींचे म्हणाल तर डेप्युटी नझीर अहमद यांचे ‘मिरातुल उरूस’ बघा. 1869 साली छापलेली ही कादंबरी, आणि तिला उर्दूतली पहिली कादंबरी मानतात. ती त्यांनी मुळात आपल्या मुलींना वाचायला म्हणून लिहिली. तिच्यात दोन बहिणी आहेत, अकबरी आणि असगरी. एक घर मोडते, दुसरी घर सावरते. ती वाचून हजारो घरांनी म्हटले असेल की ही आपल्याच घरातली अकबरी. पण कुठल्याही एका घराला बोट दाखवता आले नाही. शिकायचे ते हेच आहे. गोष्टीत सगळ्यांनी स्वतःला ओळखावे, पण शेजाऱ्याला कुणी ओळखू नये.

तीन बदल आणि एक प्रश्न

त्यानंतर महिनाभर बैठक बंद होती. पुन्हा सुरू केली तेव्हा दोन मुले कमी झाली होती, आणि ती मुलगीही नव्हती. आम्ही नव्या नियमापासून सुरुवात केली.

खऱ्या माणसावरून गोष्ट सुचली तर कागदावर येण्याआधी तीन बदल झालेच पाहिजेत. एक, माणूस बदला. बाई असेल तर म्हातारा करा, वहिनी असेल तर धाकटा भाऊ करा. दोन, जागा आणि काम बदला. गल्ली, दार, मशीन, ज्या खुणेवरून माणूस ओळखू येतो ती खूण आधी बदला. तीन, घटना बदला. जे घडले ते तसेच ठेवू नका. काय घडू शकले असते ते शोधा. एवढे बदलूनही जे शिल्लक राहते तेच तुमच्या गोष्टीचे बी. वाट पाहणे शिल्लक राहिले, तर ती वाट पाहण्याची गोष्ट आहे. त्या बाईची नाही.

आणि एक प्रश्न. ज्याच्यावरून सुचले तो माणूस पहिल्या रांगेत बसून ऐकत असेल तर हे वाचाल का? उत्तर ‘नाही’ असेल तर काम अजून बाकी आहे.

मुलांनी विचारले की इतके बदलल्यावर गोष्ट खोटी नाही का होणार? आम्ही त्यांना ‘बनगरवाडी’चे उदाहरण दिले. माणदेशातल्या धनगरवस्तीवर आलेला तरुण मास्तर ती कादंबरी सांगतो. माडगूळकरांनी तो प्रदेश, ती माणसे जवळून पाहिली होती. पण वाचक म्हणून आपण गावाचा नकाशा काढायला जात नाही. दुष्काळात वस्ती उठते तेव्हा आपल्याला आपलेच गाव आठवते. बदलल्याने गोष्ट खोटी होत नाही. एकाची असते ती अनेकांची होते.

हा नियम पाळताना असे दिसले की गोष्टी आधीपेक्षा चांगल्या व्हायला लागल्या. पाहिलेले उतरवून काढताना मूल फक्त हात चालवते. बदलायला बसले की त्याला विचार करावा लागतो की या सगळ्यात आपल्याला नेमके काय टोचले. अदब म्हणून घातलेला नियम कथेच्याही उपयोगी पडला.

वाहिऱ्याची आठवण

कुणी म्हणेल, इतकी उठाठेव कशासाठी? मुलांना मार्क मिळाले, पुरे झाले.

आमच्या आष्टी तालुक्यातले वाहिरा हे गाव संत शेख महंमदांच्या नावाशी जोडलेले आहे. पुढे ते श्रीगोंद्याचे झाले. सतराव्या शतकात या मुसलमान संताने ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, आणि मराठी ही आपली भाषा नव्हे असे त्यांना वाटले नाही. त्यांच्या विचारांची चर्चा आलिम लोक करतील. आम्ही भाषेपुरते बोलतो. या मातीतल्या माणसाने या मातीच्या भाषेत लिहिले. अलीकडचे बघा. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी पुण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषवले. त्यांनी अनेक वर्षे संतसाहित्य शिकवले ते आपल्या मराठवाड्यात. हमीद दलवाई यांच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद आहेत. तरी ‘इंधन’मधले कोकणातले मुसलमान घर मराठी वाचकांपुढे त्यांनीच ठेवले. राजन खान यांनी कितीतरी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. वाट आहे; तिच्यावर आपली मुले चालली पाहिजेत.

नाहीतर काय होते? आपली घरे दुसरे लिहितात. मग त्यांत एक अत्तरवाला असतो, एक कव्वाल असतो, नाहीतर पोलिसांच्या यादीतला एक तरुण असतो. सहरीला उठणारी बाई त्यांत नसते. भावाला वही घे म्हणणारा ऊसतोड्या नसतो. तक्रार करून हे बदलणार नाही; लिहूनच बदलेल. पण आपली घरे आपण लिहायची तर त्यांचा पडदाही आपणच सांभाळायचा. या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच हाताने पेलायच्या आहेत, म्हणून सराव हवा.

वही परत आली

ती मुलगी अजून बैठकीला येत नाही. अब्बूंची परवानगी नाही, आणि आम्ही ती मागायचा आग्रह धरलेला नाही. विश्वास आम्ही मोडला. तो परत मिळायला वेळ लागेल. पण दीड महिन्यापूर्वी तिचा लहान भाऊ एक वही घेऊन आला. म्हणाला, “आपा ने दी. अब्बू को पूछ के दी.”

आत नवी गोष्ट होती. स्टँडवर छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा. पुण्याची शेवटची गाडी येईपर्यंत तो दुकान आवरत नाही. गाडीतून कोण उतरणार आहे, हे गोष्टीत कुठेच सांगितलेले नाही. उन्हाळ्यातसुद्धा तो छत्री घेऊन उभा राहतो. तीन बदल झाले होते. बी तेच होते.

या वेळी आम्ही आधी मुलीला विचारले, मग तिच्या अब्बूंना, आणि मग वही घेऊन त्या शिलाई करणाऱ्या बाईकडे गेलो. तिचा भाऊ बसलेला होता. मशीन थांबवून तिने पूर्ण गोष्ट ऐकली. थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारले, “ये किसका है?”

“किसी का नै,” आम्ही म्हणालो.

“हां,” ती म्हणाली. “बुढ्ढे को बोलो, घर जा.” आणि मशीनचे चाक फिरवले.

तिने आम्हाला माफ केले की नाही, हे आम्ही विचारले नाही. निघताना तिने चहा दिला, एवढे सांगतो.

या महिन्याचा गृहपाठ

रात्री जेवणानंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचा. दादी किंवा नानीला एक वस्तू निवडू द्या. प्रत्येकाने त्या वस्तूवर दहा ओळी लिहायच्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायच्या, नातवंडांनी उतरून घ्यायच्या. ‘खूप’ आणि ‘अतिशय’ हे शब्द बंद. माणूस खरा असेल तर तीन बदल करायचे. एकाने वाचावे, लिहिणाऱ्याने दहा मिनिटे गप्प बसावे. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा लिहावी, कारण पहिल्या दिवशीची गोष्ट कच्च्या विटेसारखी असते. भट्टीतून गेल्याशिवाय तिच्यावर भिंत उभी राहत नाही.

पालकांना एक विनंती. मुलाच्या वहीत घरातले काही ओळखीचे दिसले तर वही फाडू नका. त्याला जवळ बसवा आणि सांगा की बेटा, हे आपले आहे, याला कपडे घाल आणि मग बाहेर ने.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, गोष्टीतले संवाद कसे लिहावेत ते पाहू. अल्लाह आपल्या लेकरांच्या लेखणीला बरकत देवो, आणि ती लेखणी कुणाचा पडदा उठवणारी न होवो. आमीन.